हसणाऱ्या दोराची स्लाइड

नवीन सादरीकरण तयार करायचे?  [ हो ]  [ नाही ]

मोटर सुरू झाली की बोलणं थांबवायचं. त्या खोलीचा हा नियम मला कोणी सांगितला नाही, दोन मिनिटांत कळला. आधी खट्ट होतं, म्हणजे ब्रेक सुटतो. मग माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर ते कमरेएवढं लोखंडी चाक फिरायला लागतं. चाकाला सहा खाचा, सहा खाचांत सहा पोलादी दोर. दोर जमिनीतल्या भोकांतून खाली जातात. खाली आठ मजले. दोरांच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारं वजन. लिफ्टमध्ये स्ट्रेचर. स्ट्रेचरवर कोणाचं तरी कोणीतरी.

खट्ट. थांबली.

"हं, बोल," थोरली म्हणाली.

थोरली म्हणजे माझी जाऊ. या हॉस्पिटलात बावीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक. मी धाकटी. एका क्लासमध्ये नोकरदार लोकांना प्रेझेंटेशन कसं करायचं ते शिकवते. घरी आमचा ओटा एक आणि डबे दोन. तिच्या मते माझं काम म्हणजे रंगीत पाट्या रंगवणं. माझ्या मते तिचं काम म्हणजे काळे हात, जे ती न चुकता माझ्या पांढऱ्या टॉवेलला पुसते. अकरा वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज पावणेदोनला फोन आला.

"लॅपटॉप घेऊन गच्चीवर ये."

"कुठल्या गच्चीवर?"

"माझ्या."

विषय लिहा (जास्तीत जास्त ४० अक्षरे)

विषय असा होता. लिफ्ट नंबर दोन बंद करायची. बारा दिवस. चाक आणि सहाही दोर बदलायचे.

शुक्रवारची मीटिंग अचानक आज चारला घेतली होती. गेल्या मीटिंगला थोरली नुसती वही घेऊन गेली होती, तर अधीक्षक म्हणाले, बाई, प्रेझेंटेशन आणा, त्याशिवाय विषय घेता येत नाही. आज नाही दाखवलं तर पुढची मीटिंग तीन महिन्यांनी.

"मग तुम्हीच करा की बंद," मी म्हटलं. "स्विच तर हा तुमच्या डोक्यावर आहे."

तिने खणातून एक पत्र काढून माझ्यापुढे टाकलं. परवानगीशिवाय लिफ्ट बंद केल्याने सहाव्या मजल्यावरील तीन शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुन्हा असे घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

"गेल्या महिन्यात केली होती बंद. तीन तासांत चालू करायला लावली."

"घरी बोलला नाहीत."

"घरी बोलून दोर नवा होतो का?"

खट्ट. चाक फिरलं. मी गप्प बसले. दोर चाकावरून जाताना एक बारीक, कोरडा आवाज येत होता, पत्र्यावर कोणीतरी नख ओढत असल्यासारखा. थोरली त्या आवाजाकडे मान तिरकी करून बघत होती, तापलेल्या पोराच्या श्वासाकडे आई बघते तशी. चाकाखाली विटकरी रंगाची बारीक भुकटी पडलेली होती.

"ती धूळ—"

"धूळ नाही. दोर आहे तो."

खट्ट.

"ताई, लिफ्ट पडेल?"

"नाही. पडत नसते ती. पडायला लागली तर रुळाला धरणारे जबडे आहेत. सगळ्यांना पडण्याचीच भीती, सिनेमात बघून. आणि ती पडत नाही म्हणून सगळे निवांत. हेच तर समजावायचंय त्यांना. सव्वादोन वाजलेत. कशात करतेस?"

कशात करतेस. माझ्या क्लासचा पहिला धडा आहे हा. भांडं पदार्थ बघून निवडावं. लोकांना मी हे पाऊण तास ऐकवते.

फाइल उघडता आली नाही.  [ पुन्हा प्रयत्न करा ]

पहिलं सॉफ्टवेअर निवडलं ते जुनं. सगळ्यांच्या ऑफिसात असतं, आपल्याकडे आधीपासून बसवलेलं, डोळे मिटून चालवता येतं. पांढरी पाटी, वर मथळा, खाली तीन ठिपके. मी नमुन्याला एक पाटी केली आणि मीटिंग हॉलच्या ऑपरेटरला पाठवली. मग त्याला फोन लावला.

"मॅडम, उघडली. पण ही कुठली भाषा आहे?"

"आपली आहे. का?"

"इथे दिसतंय ल, मग एक चौकोन, मग पहिली वेलांटी एकटीच उभी आहे, मग ट. लिफ्ट म्हणायचंय का तुम्हाला?"

हॉलचा कॉम्प्युटर थोरलीच्या नोकरीएवढाच जुना. आपली अक्षरं तिथे गेली की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या घरात जाऊन बसतो.

"नवा मराठी फॉन्ट टाकून घ्या ना त्याच्यात."

"पासवर्ड अधीक्षकांकडे. अधीक्षक जेवायला."

"माझा लॅपटॉप जोडते मग तिथे."

"जोडा की. वायर आमच्या मशीनलाच बसते, तुमच्या बारक्याला नाही बसायची."

मी फोन ठेवला. थोरली म्हणाली, "नाचता येईना."

"अंगण खरंच वाकडं आहे, जाऊबाई."

दोन पस्तीस.

जोडणी शोधत आहे… जोडणी शोधत आहे… जोडणी

दुसरं निवडलं ते गरगरं. त्याचं खरं नाव वेगळं आहे, क्लासमधली मुलं त्याला गरगरं म्हणतात. त्यात पाट्या नसतातच. एक भलामोठा कागद असतो आणि आपण त्याच्यावर घारीसारखं फिरतो, इथे झेप, तिथे झेप. मला फार आवडतं. आख्खी इमारत काढायची, गच्चीपासून सुरुवात करायची आणि दोराबरोबर खाली उतरत जायचं. मी थोरलीला वीस सेकंदांचा नमुना दाखवला. पडद्यावर आम्ही आठव्या मजल्यावरून तळाकडे सुसाट गेलो.

तिने टेबल धरलं.

"हे काय आहे?"

"छान आहे ना?"

"अगं, लिफ्ट पडत नाही म्हणून मी सांगायला चाललेय आणि तू सगळ्यांना पाडतेयस!"

तसंही ते नेटवर चालतं, आणि त्या खोलीत नेट मोटरच्या मर्जीवर होतं. मोटर सुरू झाली की

जोडणी तुटली.

की नेट गेलं. मोटर थांबली की आलं. ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटी, एक्स-रे, वॉर्ड, पुन्हा ओटी. दुपारच्या शिफ्टला दोन नंबर एक मिनिट रिकामी नसते. तीन वाजता मी गरगरं बंद केलं. हातात एकही पाटी नव्हती. हे मी दिवसाला चाळीस जणांना शिकवते.

"कागदावर लिहून देऊ का?" थोरली म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "तुला जमत नसेल तर तसं सांग. मी राग नाही धरणार."

याच्यापेक्षा तिने मला धुतलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही तुमच्यासाठी सर्व करू!  [ सुरू करा ]

तिसरं आपोआप. यात आपण नुसती टिपणं द्यायची. तेच वाचतं, तेच मथळे काढतं, तेच चित्रं घालतं. क्लासमध्ये मी त्याला नाकं मुरडते. पण त्याच्यात एक गोष्ट होती जी बाकीच्या दोघांत नव्हती. ते प्रत्येक पाटीचं चित्र करून देतं. चित्रातलं अक्षर फुटत नाही. हॉलचा म्हातारा कॉम्प्युटर चित्र तरी दाखवेलच. ऑपरेटरला विचारलं, म्हणाला, फोटो ना, फोटो दिसतात, वाढदिवसाचे दाखवतो की आम्ही.

ठरलं. तीन दहा.

"टिपणं द्या."

थोरलीने वही दिली. तेलाचे डाग पडलेली, बोटांच्या ठशांची. तिचं अक्षर मात्र शाळेतल्या फळ्यासारखं.

*दोन नंबर. तीन दोर हसतात. हातभर लांबीत तारा: मर्यादा १५, मोजल्या २६.*
*चाक खातंय.*
*भार आला की बसते. दार उघडं असतानाही बसते.*

मला यातलं काही कळलं नाही, आणि कळलं नाही हेही कळलं नाही. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. दोर बारीक तारांचा वळलेला असतो. झिजून तारा तुटल्या की त्यांची टोकं बाहेर येतात, दातांसारखी. त्याला लिफ्टवाले म्हणतात दोर हसतो. चाकाच्या खाचा झिजून रुंद झाल्या आणि त्या दोराला कुरतडायला लागल्या की चाक खातंय. आणि मजल्यावर थांबलेली लिफ्ट आत वजन आल्यावर खाली घसरली, की बसते.

मला वाटलं, थोरलीची बोलण्याची तऱ्हा. घरच्या मिक्सरलाही ती रुसलाय म्हणते.

विचारणार होते. खरंच विचारणार होते. तेवढ्यात मोटर

कृपया थांबा. तुमच्या कल्पनांना आकार देत आहोत. ४ टक्के

मोटर सुरू झाली आणि थांबली. खट्ट. मग काहीतरी भलतंच. चाक थांबलेलं होतं आणि दोर त्याच्यावरून सरकत होते. चाक न फिरता. चार बोटं, इतकंच. मग थांबले. तो नखाचा आवाज मोठ्याने आला आणि बंद झाला.

थोरली उठून दारापर्यंत पोचलीसुद्धा. तिचा फोन वाजला, तिने कानाला लावला, ऐकलं, म्हणाली, "कोणी हलू नका. पेशंटला हलवू नका. आत आहेत त्यांनी आतच राहा." आणि मला म्हणाली, "कर तू. थांबू नकोस." आणि जिन्याने गेली.

तीन बत्तीस.

१२ टक्के

खोलीत मी आणि ते चाक.

१२ टक्के

सूर कसा हवा?  ( ) गंभीर  ( ) औपचारिक  (•) उत्साही

उत्साहीच्या पुढे ठिपका आधीपासून होता. क्लासमध्ये मी सांगते, उत्साही ठेवा, लोक झोपत नाहीत. मी तसाच राहू दिला. माझे कान भोकाकडे होते. खालून आवाज येत होते, शब्द नव्हे, नुसते आवाज, विहिरीत कोणी बोलत असल्यासारखे. एक बाईमाणूस मोठ्याने काहीतरी विचारत होतं. पुन्हा पुन्हा तेच.

३८ टक्के

मग धातूवर धातू. मग काहीच नाही.

३८ टक्के

३८ टक्के

मी दोराला हात लावणार होते. का, देव जाणे. धरून ठेवणार होते का मी लिफ्ट? जवळून बघितलं तर त्यातून केसांसारखं काहीतरी उभं होतं, चकचकीत. मी हात मागे घेतला.

७१ टक्के

खट्ट.

मी अशी दचकले की खुर्ची पडली. चाक फिरायला लागलं, सावकाश, उलटं. दोन बोटं. चार बोटं. थांबलं. खालून कोणीतरी "घ्या, घ्या, बाहेर घ्या" म्हणालं. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तयार! ७ स्लाइड. अभिनंदन!

सातही पाट्या लहान लहान, एका पानावर. मी बघितलं काय? जोडाक्षरं. दुपारपासून जीव त्यातच अडकला होता. लिफ्ट नीट, दोर नीट, मर्यादा नीट, रफार आपापल्या घरात. तिसऱ्या पाटीवर एक हसरा दोर काढला होता, गालांना खळ्या होत्या. मला वाटलं, बरं जमलंय, वहीत तसंच लिहिलंय. ऑपरेटरला पाठवून दिलं.

थोरली वर आली तेव्हा पावणेचार झाले होते. कपाळाला घाम, बाहीला ओरखडा.

"काय झालं होतं?"

"बसली. सहाव्यावर. पुढची चाकं बाहेर, मागची आत, पेशंट मधोमध. शुद्ध नव्हती पुरती त्याला. त्याची बायको विचारत होती, खाली जातेय का, खाली जातेय का." ती माझ्या पांढऱ्या रुमालाला हात पुसत होती. "वॉर्डबॉय मामांनी पाय लावून धरलं स्ट्रेचर. पाय लावून! त्यांचा पाय गेला असता. झालं का तुझं?"

"झालं."

"नीट आहे?"

"अक्षरं सगळी नीट आहेत," मी म्हटलं.

सादरीकरण सुरू.  बाहेर पडण्यासाठी कोणतेही बटण दाबा.

हॉलमध्ये लांब टेबल, अकरा खुर्च्या, नऊ माणसं. मधोमध अध्यक्ष, निवृत्त गृहस्थ, ऐकायला येत नसलं की मान डोलावणारे. त्यांच्या उजवीकडे अधीक्षक. टोकाला एक डॉक्टरबाई, भूलतज्ज्ञ, ओटीच्या हिरव्या कपड्यांतच येऊन बसलेल्या. मी ऑपरेटरजवळ उभी, पाट्या पुढे सरकवायला.

पहिली पाटी, मथळा. ठीक. दुसरी, इमारतीचं चित्र. ठीक.

तिसरी.

पडद्यावर आठ फूट उंचीचा दोर हसत होता. खळ्या, डोळे, हिरवी बरोबरची खूण.

*दोन नंबर: आनंदाची बातमी!*
*तीन दोर हसत आहेत*
*लक्ष्य १५, साध्य २६! अपेक्षेपेक्षा सरस कामगिरी*
*एकूण स्थिती: समाधानकारक*

बोटाने आपोआप बटण दाबलं, पाटी घालवायला म्हणून. गेली. चौथी आली.

*चाक नियमित खात आहे.* एक चाक, गळ्यात रुमाल, पुढ्यात ताट. *उत्तम पोषण, उत्तम गती.*

कोणीतरी खुदकन हसलं. मी पुन्हा दाबलं.

*बसण्याची सोय. भार आला की बसते. दार उघडे असतानाही बसता येते! ज्येष्ठांसाठी विशेष उपयुक्त.* एक सोफा.

आता टेबल उघड हसत होतं. अध्यक्ष मान डोलावत होते. अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"वा, बाई. आम्ही उगाच घाबरत होतो. तुमच्याच प्रेझेंटेशनवर लिहिलंय, समाधानकारक. सरस कामगिरी. मग विषय संपला, नाही का? पुढचा घ्या."

बदलायला काही नव्हतं. चित्रं होती ती. चित्रातलं अक्षर फुटत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणून तर निवडलं होतं. मी ऑपरेटरच्या वायरीकडे बघितलं, उपटावी का म्हणून.

थोरलीने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत ज्या नजरेची मला भीती वाटली ती ही नव्हती. ती हिशोब करत होती, एवढंच.

"मागे घे," ती म्हणाली. "दोर आण."

"ताई—"

"आण गं."

हसरा दोर पुन्हा आला. ती उठून पडद्याजवळ गेली. दोराचं अर्धं तोंड तिच्या पाठीवर पडलं.

"चित्र मशीनने काढलंय. शब्द माझे आहेत. बावीस वर्षं वहीत हेच लिहिते. साहेब, तुम्ही दर महिन्याला त्या वहीवर सही करता. हसतो म्हणजे काय, कधी विचारलंत?"

अधीक्षक हसायचे थांबले, पण चेहरा अजून हसराच होता, पुसायचा राहिल्यासारखा.

"दोर खूश नाहीये. तारा तुटून बाहेर आल्यात, तोंड वासलं की दात दिसतात तशा. म्हणून हसतो म्हणायचं. हातभर दोरात पंधरा तुटल्या की तो दोर फेकायचा. मी सव्वीस मोजल्यात. हे साध्य नाहीये आपलं."

"सहा दोर आहेत," अधीक्षक म्हणाले. "लिफ्ट एका दोरावरही टिकते. हे तुम्हीच सांगितलं होतंत."

"टिकते. तुटून पडणार नाही ती. घसरेल. दोर सहा असले तरी चाक एकच आहे, आणि खाचा झिजल्यात. चाक खातंय म्हणजे ते. आत वजन आलं की दोर चाकावरून सरकतात. चाक जागेवर, लिफ्ट खाली. दार उघडं."

"बसते म्हणजे हेच का?" टोकाकडून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. आज तीन बत्तीसला बसली. सहाव्यावर, चार बोटं. स्ट्रेचर अर्धं बाहेर होतं."

"मला सांगितलं की दार अडकलं." डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझा पेशंट होता तो. मला सांगितलं, दार अडकलं होतं, पाच मिनिटं उशीर झाला."

कोणी सांगितलं, हे त्यांनी म्हटलं नाही. अधीक्षक समोरचे कागद सारखे करायला लागले. कागद आधीच सारखे होते.

पडद्यावर दोर हसतच होता. आता त्याच्याकडे कोणाला बघवत नव्हतं. मी पाटी बदलायला गेले, तर थोरलीने बोटानेच नको म्हटलं.

बदल जतन करायचे?  [ हो ]  [ नाही ]  [ रद्द ]

अध्यक्षांना सगळं ऐकू आलं होतं.

"पटलं," ते म्हणाले. "बारा दिवस ना? परवा सकाळपासून बंद करू. आजच्या आणि उद्याच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया होऊ देत. लिहून घ्या, परवापासून बंद करण्याचे ठरले."

मी एवढा मोठा श्वास सोडला की ऑपरेटरने वळून बघितलं. खुर्च्या सरकल्या. जिंकलो होतो.

थोरली खाली बसली नाही.

"आणि परवापर्यंत?"

"परवापर्यंत चालू. सांगितलं ना."

"तेही लिहा."

"मिनिट्समध्ये येईलच."

"मिनिट्समध्ये ठरले असं येतं, साहेब. कोणी ठरवलं ते येत नाही. मला नाव हवं. परवा सकाळपर्यंत दोन नंबर चालू ठेवा, असं एका ओळीत, आणि खाली सही. वहीत चिकटवून ठेवते. मग चालवते मी. नाही चालवत म्हणत नाही."

तिने वही उघडून टेबलावर ठेवली. कोरं पान. बाजूला पेन.

नऊ माणसं त्या पेनाकडे बघत होती.

अध्यक्षांनी अधीक्षकांकडे बघितलं. "तुम्ही प्रशासनाचे. तुम्ही करा."

"हा तांत्रिक निर्णय आहे, सर. आणि निर्णय समितीचा. म्हणजे आपला."

"मी मानद आहे," अध्यक्ष म्हणाले. अगदी खऱ्या मनाने म्हणाले.

वही थोडी डावीकडे सरकली. मग थोडी उजवीकडे. कोणी सरकवली ते दिसलं नाही. एकाने फोन बघितला. एकाला खोकला आला.

"बाई, तुम्ही अडवणूक करताय," अधीक्षक म्हणाले. आवाज चढला होता. "ते पत्र विसरलात का? हे सगळं अंगाशी येईल तुमच्या."

"येऊ दे. त्याच्यावर तुमची सही आहे. याच्यावरही करा."

थोरलीची नोकरी गेली तर? घरी एकच पगार राहील, तोही रंगीत पाट्यांचा. भाऊजींचं दुकान चालतं न चालतं. पुतणीची फी या महिन्यात. मी थोरलीला मनात म्हणत होते, बसा आता, परवा म्हणजे काही लांब नाही, दोन रात्री, बसा.

"मी सही करणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणी केली तरी माझा पेशंट मी त्या लिफ्टने आणणार नाही. आजही नाही."

"आणि तुमची सव्वापाचची केस?" अधीक्षक.

"एक नंबरने येईल. उशीर होईल. थांबेन मी. उद्याच्या दोन पुढे ढकला. घरच्यांशी मी बोलते."

अध्यक्षांनी पेन उचललं, टोपण लावलं, आणि थोरलीच्या हातात दिलं.

"मग आता काय करायचं म्हणता?"

"बंद."

"किती वाजता?"

"मी वर पोचले की."

चार एकेचाळीस झाले होते. परवापासूनच्या जागी आजपासून लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याने खोडलेल्या शब्दावर तीनदा रेघ मारली. अधीक्षकांनी मान वर केली नाही. पत्राचं काय होणार हे त्या दिवशी कोणी म्हटलं नाही, आणि थोरलीने विचारलंही नाही.

बाहेर पडत आहे…

दारात तिने मला धरलं.

"तळमजल्याला जाऊन उभी राहा. दोन नंबरसमोर. लोक ओरडतील. ओरडू दे, पण कोणाला बटण दाबू देऊ नकोस."

"ताई, ती पाटी... मी उत्साही ठेवलं होतं, मी बघायला हवं—"

"हो, बघायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि मलाही हसतो म्हणजे काय ते सांगायला हवं होतं. घरी भांडू. आता जा."

ती जिन्याकडे वळली. वर गच्चीपर्यंत, तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्याने. एक नंबरने का जात नाही हे मला तळाला पोचल्यावर कळलं. एक नंबरसमोर चौदा माणसं, दोन व्हीलचेअर आणि एक स्ट्रेचर.

दोन नंबरच्या दारावर आकडा दिसत होता, ६. मग ५. सावकाश. ४. ती रिकामी खाली आणत होती. लोक दोन नंबरकडे सरकायला लागले. मी हात पसरून उभी राहिले, कोंबड्या हाकल्यासारखी. ३. एकाने माझ्या काखेखालून बटण दाबलं. "अहो नका!" मी ओरडले. २. १. ०. दार उघडलं. आत कोणी नव्हतं, दिवा लागलेला होता, सगळं स्वच्छ होतं. बघून काही बिघडलंय असं कोणाला वाटणार नाही अशी.

"ही रिकामी आहे की!" मागून आवाज आला. एक माणूस होता, तिशी-पस्तिशीचा, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, पुढ्यात व्हीलचेअरवर त्याची आई.

"बंद आहे."

"उघडी दिसतेय."

"दिसतेय. बंद आहे."

त्याने चेअर पुढे ढकलली. मी चेअरच्या पुढच्या चाकासमोर पाय ठेवला. मामांनी लावला होता तसाच, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त दार होतं, ते मिटत का नाही. आतला दिवा गेला. आकडा गेला. मग दार मिटायला लागलं, एका बाजूने, कुरकुरत, आणि मिटलं.

"किती वेळ?" त्या माणसाने विचारलं.

"बारा दिवस."

"बारा दिवस! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तिसऱ्यावर जायचंय आम्हाला, साडेपाचला डॉक्टर निघतात. कोणी बंद केली? कोणाची अक्कल ही? बोलवा त्याला."

"ती येतेय. जिन्याने येतेय."

तो बोलतच होता. रांगेतले दोघे त्याच्या बाजूने बोलायला लागले, मग सगळेच. एक नंबर आली, भरली, गेली. स्ट्रेचर गेलं, एक व्हीलचेअर गेली. चार मिनिटांनी पुन्हा आली. तोवर थोरली खाली पोचली होती. कठडा धरून शेवटच्या पायऱ्या उतरली. हातात मोठी किल्ली, कपाळावर केस चिकटलेले.

"ह्यांनी केली," मी म्हटलं.

तो तिच्याकडे वळला, श्वास घेतला, आणि तिच्या वयाकडे की गुडघ्याकडे बघून एक क्षण अडखळला. थोरलीने तेवढ्यात चेअरच्या मुठी हातात घेतल्या होत्या.

"आईंना मी आणते एक नंबरने," ती म्हणाली. "चेअरसोबत एकालाच घेता येईल, आत जागा नाही. तुम्ही जिन्याने चला. तीनच मजले आहेत. पाकीट घेऊन पुढे जा आणि डॉक्टरांना थांबवा."

"आणि तुम्ही तिला नाही आणलंत तर?"

"अरे, जा ना," चेअरवरून त्याची आई म्हणाली. "बोलत काय बसलास!"

त्याने एकदा मिटलेल्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पाकीट काखेत मारलं आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला.